टेकायला काहीतरी

पिंपरी-चिंचवडमधले बहुतेक संसार एका प्रश्नावर आणि एका हुंकारावर चालतात. नवरा गाडी चालू करतो, मागं न बघता विचारतो, ‘बसलीस का?’ मागून ‘हं’ येतं आणि गाडी सुटते. दिवसाकाठी असे काही लाख ‘हं’ या शहरात खर्ची पडत असतील. ते कोणी तपासून घेत नाही. संत तुकाराम नगरातल्या साहेबराव ओव्हाळांनीही एकदा घेतलं नव्हतं, आणि म्हणून त्यांच्या घरात हा प्रश्न एकतीस वर्षं बंद होता.

तपासून न घेणं साहेबरावांना शोभणारं नव्हतं. भोसरीच्या एका कारखान्यात, आणि तो कारखाना चाकणला हलल्यावर चाकणला, अशी चौतीस वर्षं त्यांनी इन्स्पेक्शनमध्ये काढली होती. ब्रेकचे सुटे भाग तपासायचे. बरोबर असेल तर हिरवा ठिपका, चुकला असेल तर लाल, आणि थोडासाच चुकला असून माल न्यायला ट्रक दारात उभा असेल तर पिवळी चिठ्ठी. पिवळ्या चिठ्ठीला कारखान्यात ‘डेव्हिएशन’ म्हणतात. म्हणजे ही वस्तू बरोबर नाही हे आम्हाला माहीत आहे, तरी आम्ही सही करून ती घेतो आहोत. साहेबरावांनी चौतीस वर्षांत पिवळ्या चिठ्ठीवर एकदाही सही केली नाही. त्यामुळे त्यांची बढती उशिरा झाली आणि निरोप समारंभ लवकर आटोपला.

एकतीस वर्षांपूर्वी घडलं ते असं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. चाकणला बायकोच्या, म्हणजे कस्तुराबाईंच्या माहेरी एका बाळाचं नामकरण होतं. ते उरकून नवराबायको भर दुपारी स्कूटरवरून घरी निघाले. कुरुळी फाट्याच्या अलीकडे, एका चिंचेखाली, स्कूटर बंद पडली. त्या काळी बंद पडलेल्या स्कूटरला आधी एका अंगावर कलती करायची, मग सरळ करून किक मारायची, असा उपचार होता. त्यानं नेमकं काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण गुण यायचा. कस्तुराबाई खाली उतरल्या. साहेबरावांनी उपचार केला, किक मारली, बसले आणि विचारलं, ‘बसलीस का?’ मागून ‘हं’ आलं. गाडी सुटली.

वाटेत साहेबराव खूप बोलले. पंखा आधी घ्यावा की मिक्सर, हा त्या दिवशीचा विषय होता. मागून ‘हं’ येत होतं. मोशीला रसवंतीपाशी गाडी थांबवून ‘रस घेऊ या’ म्हणत ते वळले, तर मागची सीट रिकामी.

ते तसेच उलटे गेले. कस्तुराबाई चिंचेखालच्या दगडावर बसल्या होत्या. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. त्या उठल्या, चपला घातल्या. समोरून एसटी आली, तिला हात केला आणि एसटीनं घरी आल्या. तेव्हापासून त्या साहेबरावांच्या मागं बसल्या नाहीत. बसने गेल्या, सहा आसनी रिक्षानं गेल्या, पुढं मेट्रो आली तेव्हा मेट्रोनं गेल्या. मुलगी आम्रपाली पिंपळे सौदागरला राहायला गेली, तिच्याकडे जाताना साहेबराव गाडीवरून आणि कस्तुराबाई रिक्षातून, अशी एकाच घरातून दोन वाहनं निघत.

नातेवाइकांना हा ठेवाच मिळाला. कुठल्याही लग्नात जेवणं झाली की कोणीतरी म्हणायचं, साहेबराव, बायको मोजून आणलीय ना? कस्तुराबाईंचा भाचा संघर्ष तर नव्या सुनेला घराण्याची माहिती देताना शिक्षण, नोकरी आणि कुरुळी फाटा याच क्रमानं देत असे. साहेबराव सगळ्यांबरोबर हसत. बायको विसरलेला नवरा म्हणून हसं होणं त्यांना परवडत होतं. खरं सांगणं परवडणारं नव्हतं.

खरं एवढंच होतं, की ते विसरले नव्हते. कुरुळी ते मोशी मागून ‘हं’ आलं होतं. अकरा वेळा. मोजायची सवय होती म्हणून आकडा लक्षात राहिला. आणि मोशीला त्यांनी रिकाम्या सीटला हात लावून बघितला होता. उन्हानं तापलेली सीट सगळीकडून सारखी तापते. ही फक्त मधे ऊबदार होती, एका माणसाच्या बसण्याएवढी.

हे सांगणार कोणाला? साहेबराव विहाराच्या वाचनालयाचे चिटणीस. दर वर्षी अंधश्रद्धेवर पाऊण तास बोलणारे वक्ते. त्यांच्या घरात दोन पिढ्या भूतखेत मानलं जात नव्हतं, आणि ते योग्यच होतं असं त्यांचं आजही मत होतं. त्यामुळे त्यांनी ती गोष्ट मानली नाही. मनात फक्त नोंद केली आणि वही मिटली.

निवृत्तीनंतर त्यांनी क्रूझर घेतली. लांब, ठेंगणी, पुढं हात पसरून आरामखुर्चीसारखं बसायची मोटारसायकल. साठीत हे काय खूळ, असं आम्रपालीनं फोनवर विचारलं. खूळ नव्हतं. कस्तुराबाईंची कंबर धरायला लागली होती, गुडघे कुरकुरत होते. आणखी चारपाच वर्षांनी मोटारसायकलवर बसणं त्यांना जमणारच नव्हतं. त्याआधी त्यांनी एकदा मागं बसावं, आणि जिथं त्या मागं राहिल्या होत्या तिथून आपण त्यांना घरी घेऊन यावं, एवढीच साहेबरावांची इच्छा होती. चौतीस वर्षांत एक तुकडा त्यांच्या हातून न तपासता गेला होता. तो परत मागवायचा होता.

कस्तुराबाईंनी गाडीला एक फेरी मारली. मागच्या सीटकडे बराच वेळ बघितलं.

“मागं टेकायला काहीतरी पाहिजे,” त्या म्हणाल्या. “त्याशिवाय मी बसणार नाही.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा नकाराला अट जोडून आली होती. साहेबराव दुसऱ्याच दिवशी पिंपरी कॅम्पात प्रीतमच्या दुकानात हजर झाले.

प्रीतमचं दुकान बोळात होतं आणि दुकानातला माल बोळभर होता. हेल्मेट, आरसे, सीट कव्हर, भोंगे. बॅकरेस्ट म्हटल्यावर त्यानं पाच प्रकार काढून काउंटरवर मांडले. एक उंच, राजाच्या खुर्चीसारखा. एक ठेंगणा, नुसता कमरेला लागणारा. एक चौकोनी, एक निमुळता. पाचवा पुढंमागं सरकणारा, पण तो महाग म्हणून प्रीतमनं त्याचं फक्त दर्शन घडवलं. साहेबरावांनी पिशवीतून व्हर्निअर काढला, पट्टी काढली, पाणसळ काढली.

“काका,” प्रीतम म्हणाला, “एवढी हत्यारं तर दातांचा डॉक्टर पण काढत नाही.”

साहेबरावांनी उंची घेतली, कलाचा कोन घेतला, फोम अंगठ्यानं दाबून किती वेळात वर येतो ते घड्याळावर बघितलं. पहिला, उंच बॅकरेस्ट पसंत केला आणि बसवून घेतला. पण कागदावर पास झालेली वस्तू प्रत्यक्ष वापरून बघायची, आणि जिथं वापरायची तिथंच बघायची, हा त्यांच्या खात्याचा नियम. कस्तुराबाईंचं वजन चौपन्न किलो. त्यांनी मागच्या सीटवर तांदळाची पंचवीस किलोची दोन पोती बांधली, वर चार किलो तूरडाळ ठेवली आणि सकाळी दहा वाजता ते चाकण रस्त्याला लागले.

गाडी छान चालली. कुरुळीपाशी त्यांनी ती वळवून कडेला घेतली, बंद केली, पुन्हा चालू केली. चाचणी म्हणजे सगळं जसंच्या तसं करायचं, म्हणून त्यांनी समोर बघत विचारलंही.

“बसलीस का?”

“हं.”

साहेबराव हलले नाहीत. पहिल्या मापावर विश्वास ठेवायचा नसतो, दुसरं घ्यायचं असतं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ‘हं’ आलं, जरा कंटाळल्यासारखं. घरचं माणूस म्हणतं तसं.

त्यांनी गाडी हाकली ती मोशीपर्यंत. तिथं वळून बघितलं. पोती होती, डाळ होती. पोती कमरेएवढीच होती, आणि त्यांच्यावर, पाठीच्या उंचीला, बॅकरेस्टच्या नव्याकोऱ्या फोमला खोलगट खड्डा पडला होता. तो त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून वर आला. त्यांनी हाताची उलटी बाजू लावली. मधे ऊबदार, कडांना गार.

“काय झालं काका, खराब आहे?” परत दुकानात गेल्यावर प्रीतमनं विचारलं.

“प्ले आहे,” साहेबराव म्हणाले. बोल्ट सैल असला की कारखान्यात असं म्हणतात. बोल्ट सैल नव्हता.

दुसरा बॅकरेस्ट ठेंगणा घेतला. त्यात फक्त कमरेच्या जागी खड्डा पडला. चौकोनी घेतला तर त्यात जरा डावीकडे पडला, म्हणजे बसणारं माणूस एका बाजूला पाय सोडून बसत असणार. निमुळता घेतला, तेव्हा साहेबरावांनी पोती नेलीच नाहीत. ‘बसलीस का’ म्हटल्यावर गाडीची मागची बाजू दोन बोटं खाली दबली. चारही बॅकरेस्ट त्यांनी परत केले. दोष वस्तूत असतो, हे ते चौतीस वर्षं मानत आले होते. वस्तू बदलत राहिलं की एखादी तरी बिनदोष निघते, हेही मानत आले होते.

प्रीतमनं पहिल्या खेपेला चहा मागवला होता. चौथ्या खेपेला आपला अर्धा प्यालेला कपही त्यानं काउंटरखाली घेतला.

“राग नका मानू काका,” तो म्हणाला, “पण पाठ काकूंची, आणि माप तुम्ही पोत्याचं घेताय. एकदा त्यांनाच घेऊन या ना.”

हे बरोबर होतं. पण कस्तुराबाईंना आणायचं तर त्यांना आधी सांगायला हवं होतं. त्या गाडीवर आंधळेपणानं कोणालाच बसवता येत नव्हतं, आणि बायकोला तर नाहीच.

त्या संध्याकाळी कस्तुराबाई ओट्याशी दोडक्याच्या शिरा काढत बसल्या होत्या. साहेबराव स्टूल घेऊन समोर बसले. विहारात पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला सुरुवात सापडायला दहा मिनिटं लागली.

“त्या दिवशी मी तुला विसरलो नव्हतो,” ते म्हणाले. “मागून ‘हं’ येत होतं. अकरा वेळा आलं.”

कस्तुराबाईंनी हातातला दोडका ताटात ठेवला आणि दुसरा घेतला.

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुम्ही किक मारली, बसलात. मी बसायला पाय उचलला, तर जागाच नव्हती. कोणीतरी बसलं होतं.”

साहेबरावांनी कोण म्हणून विचारलं नाही. तरी कस्तुराबाईंनी सांगितलंच.

“पाठमोरी होती. दोन्ही पाय एका बाजूला. लुगडं पिस्त्याच्या रंगाचं, मी त्या दिवशी नेसले होते तेच. मी खाली बघितलं, तर माझ्याही अंगावर तेच.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“मारली. तुम्ही म्हणालात ‘बसलीस का’. मी म्हणाले ‘थांबा’. ती म्हणाली ‘हं’. तुम्हाला तिचं ऐकू गेलं.”

कुकरची शिट्टी झाली. 

एवढी वर्षं बोलली का नाहीस, असं साहेबरावांनी विचारलं, तेव्हा कस्तुराबाईंना थोडं हसू आलं. बोलले असते तर पुढच्या वर्षी विहारात तुम्ही माझ्यावरच भाषण केलं असतं, म्हणाल्या. मग हसू गेलं. दगडावर बसल्या बसल्या त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हे गृहस्थ तिला घेऊन घरी गेले, तिनं कुलूप काढलं, चहा ठेवला, तर यांना कधी कळेल का? नवरा मागं बघून परत आला, म्हणून घरात आज त्या होत्या, ती नव्हती. पुन्हा त्याच्या मागं बसायचं म्हणजे पुन्हा कुठंतरी उतरणं आलं, आणि उतरलं की जागा गेली.

“टेकायला मला नकोच होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या मागं कोणाला जागा राहू नये, म्हणून पाहिजे होतं.”

साहेबरावांनी बायकोकडे एकदा नीट बघितलं. शिरा काढणारे हात, अंगठ्यावरचा जुना चटका, चष्म्याची एका बाजूनं चिकटवलेली दांडी. सगळं ओळखीचं होतं. आपण हे कशासाठी बघतो आहोत हे लक्षात आल्यावर ते उठून कुकर बंद करायला गेले.

आता काम सोपं झालं. ड्रॉइंगच चुकीचं घेतलं होतं; टेकण्याचं नाही, मागची जागा बुजवण्याचं हवं होतं. रविवारी कस्तुराबाई रिक्षातून पिंपरी कॅम्पात आल्या आणि प्रीतमच्या दुकानासमोर उभ्या गाडीवर बसल्या. प्रीतमनं पाचवा, सरकणारा बॅकरेस्ट लावला आणि पान्ह्यानं एकेक खाच पुढं घेतला. बास का काकू? अजून. आता? अजून थोडा. शेवटी साहेबरावांनी प्रीतमच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं आणि बायकोची पाठ आणि फोम यांच्यात घालून बघितलं. पान गेलं नाही. मग ते स्वतः पुढं बसले आणि आपल्या पाठीशी प्रीतमला तेच करून बघायला लावलं. तिथंही गेलं नाही.

“ओके,” साहेबराव म्हणाले. महिन्याभरानं हा शब्द ऐकून प्रीतमला भरून आलं. त्यानं आतून एक चकचकीत स्टीलचं कॅरियर आणलं आणि बॅकरेस्टच्या मागच्या दोन बोल्टांवर बसवलं.

“हे माझ्याकडून. फ्री.”

इथं चूक झाली, आणि ती साहेबरावांसारख्या माणसाचीच होऊ शकते. ड्रॉइंगमध्ये जे असतं ते तपासायचं. ड्रॉइंगमध्ये नसलेली गोष्ट, सौजन्य म्हणून आलेली, तिच्याकडे इन्स्पेक्टर बघतही नाही, ते स्टोअरवाल्यांचं काम. शिवाय फुकट कॅरियर नाकारणारा माणूस पिंपरी कॅम्पात अजून जन्माला यायचा होता. कस्तुराबाई म्हणाल्या, भाजीची पिशवी राहील. कॅरियर चांगलं रुंद होतं, एक माणूस आरामात मावेल एवढं.

पुढच्या रविवारी संघर्षच्या घरी, चाकणला, जायचं ठरलं. निघण्याआधी साहेबरावांनी एक नियम केला. कस्तुराबाईंनी काहीही म्हणावं, पण ‘हं’ म्हणू नये.

“मग काय म्हणू?”

“काहीही. भाजीचं नाव म्हण.”

सोसायटीच्या फाटकात साहेबरावांनी गाडी चालू केली. एकतीस वर्षांनी तो प्रश्न तोंडात जड झाला होता.

“बसलीस का?”

“दोडका.”

जाताना सगळं उत्तम झालं. कस्तुराबाई आधी बॅकरेस्टला घट्ट चिकटून बसल्या होत्या, भोसरीनंतर सैल झाल्या, मोशीनंतर बोलायला लागल्या. ही इमारत कधी झाली, ते हॉटेल कोणाचं, इथं उसाचे फड होते ना? साहेबराव मागून येणारा प्रत्येक शब्द ऐकून घेत होते. संघर्षनं दोघांना एका गाडीवरून उतरताना बघितलं आणि त्याच्याकडचा एकुलता एक विनोद त्याच क्षणी बाद झाला. 

परत निघायला दीड वाजला. ऊन लख्ख होतं. कुरुळीच्या अलीकडे वाहतूक थांबली. पूर्वी त्या जागी एखादी स्कूटर बंद पडायची. आता विकास झाल्यामुळे तिथं अख्खा तालुका बंद पडतो. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, आणि मधे हे दोघं. चिंच कधीच गेली होती. तिच्या जागी कंटेनर लावायच्या जागेचं पत्र्याचं फाटक होतं. फाटकाशी दगड मात्र होता, कंटेनर घसरू नये म्हणून चाकाला उटी लावलेला.

लोक इंजिनं बंद करून उतरले, पाय मोकळे करायला लागले. साहेबरावांनीही इंजिन बंद केलं.

“मी उतरणार नाही,” कस्तुराबाई म्हणाल्या.

“नको उतरूस.”

वीस मिनिटं त्या बॅकरेस्टला टेकून बसून राहिल्या. साहेबरावांच्या खांद्यावर त्यांचे दोन्ही हात होते. मग पुढचा कंटेनर हलला. साहेबरावांनी बटण दाबलं.

“बसलीस का?”

“दोडका,” कस्तुराबाई म्हणाल्या.

आणि त्यांच्या मागून आवाज आला, “हं.”

गाडीची मागची बाजू दोन बोटं खाली दबली. खांद्यावरचे हात आवळले गेले. साहेबरावांनी मान वळवायला घेतली, तेवढ्यात कानाशी बायकोचा आवाज आला, अगदी हळू.

“मागं बघू नका. बघितलंत आणि माझीच जागा रिकामी दिसली, तर?”

त्यांनी आरशातही बघितलं नाही. डाव्या हाताची बोटं क्लचवरून एकेक करून सोडली.

इंद्रायणीचा पूल गेला.  साहेबरावांना राहवेना, म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, की घरी गेल्यावर पंखा पुसायला पाहिजे. “दोडका,” कस्तुराबाई म्हणाल्या. “हं,” मागून आलं. मोशीच्या चौकात हवालदारानं शिट्टी मारली आणि हात आडवा केला. ट्रिपलसीट, ट्रिपलसीट, बाजूला घ्या, म्हणत तो डायरी काढत जवळ आला. त्यानं बोटानं साहेबरावांना मोजलं. कस्तुराबाईंना मोजलं. बोट तिसऱ्या जागी जाऊन कॅरियरवर थांबलं. त्यानं गॉगल काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. मग डायरी खिशात घातली.

“जावा काका,” तो म्हणाला. “सावकाश जावा.”

रसवंतीच्या जागी आता गाड्यांची शोरूम होती. साहेबराव तिथं थांबले नाहीत.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडला लावली. कस्तुराबाई उतरल्या, तशी गाडी थोडी वर आली. साहेबराव उतरले, आणखी थोडी आली. त्यांनी पट्टी लावली. मागची बाजू अजून दोन बोटं खाली होती. त्यांनी गाडीच्या हत्यारांच्या कप्प्यातून पान्हा काढला आणि कॅरियरच्या बोल्टला लावला.

“काय करताय?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“काढून टाकतो.”

“आणि मग ती कुठं बसेल?”

पान्हा बोल्टवरच राहिला. साहेबरावांनी सीटकडे बघितलं. गाडीवर जागा होत्या तीन. त्यातली एक काढली तर दोन उरत होत्या, आणि त्यातली एक त्यांची होती. हिशेब पहिलीतल्या पोरालाही जमला असता.

“ह्या वेळी मी उतरले नाही,” कस्तुराबाई म्हणाल्या. “तेवढं झालं. राहू द्या.” आणि भाजीची पिशवी कॅरियरऐवजी हातात घेऊन त्या जिना चढायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबरावांनी जुन्या पेटीतून एक पिवळी चिठ्ठी शोधून काढली. वस्तू, कॅरियर. दोष या रकान्यात त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही, मग लिहिलं, ‘नोंद घेतली’. खाली आयुष्यात पहिल्यांदा सही केली आणि चिठ्ठी तारेनं कॅरियरला बांधली. तिथून ते हवा भरायला गेले. हवावाल्यानं विचारलं, डबलसीटची भरू ना? साहेबराव म्हणाले, मागच्या चाकात त्याहून चार पौंड जास्त भर. तो म्हणाला, काका, लगेज असतं का? साहेबरावांनी खिशातून सुटे काढले.

आता ते दर रविवारी दोघं निघतात. पिंपळे सौदागर, देहू, कधी उगीच निगडीपर्यंत. बॅकरेस्टचा फोम पुढच्या बाजूनं अजून नव्यासारखा आहे; मागच्या बाजूनं खड्डा पडला आहे. सोसायटीतल्या लोकांना ‘बसलीस का’ला उत्तर म्हणून ‘दोडका’ ऐकायची सवय झाली आहे. वय झालं की होतं, म्हणतात. साहेबराव मात्र ‘दोडका’ ऐकूनही लगेच सुटत नाहीत. ते आणखी एका उत्तराची वाट बघतात, ते आलं की मगच क्लच सोडतात.

परवाच्या रविवारी त्यांनी गाडी चालू केली आणि सवयीनं विचारलं, “बसलीस का?”

“हं.”

साहेबराव थांबले. दुसरं उत्तर येईना.  त्यांनी मागं बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या पाण्याच्या वेळापत्रकाकडे बघत ते मनात आकडे मोजत राहिले. अकरापर्यंत आले, तेव्हा वरून, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातून, कस्तुराबाईंचा आवाज आला. घाई काय आहे, चपलेचा पट्टा लावतेय, म्हणत होत्या.

“सावकाश ये,” साहेबराव म्हणाले. “आम्ही थांबलोय.”